एका भूमिकेला एकच नाव

"हिनं सरकारी खर्चानं आयुष्यभर नाटकं बघितली," असं आमचे हे अजूनही घरी आलेल्या पाहुण्यांना सांगतात. बोलणं चिडवायचं असलं तरी त्यात खोटं फारसं नाही. फक्त एक गोष्ट ते सांगत नाहीत. त्यातली निम्मी नाटकं मी पत्र्याच्या शेडमध्ये, सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून, डास मारत बघितली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांच्यावर टिपण लिहिलं.

मी पालिकेच्या सांस्कृतिक विभागात होते. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि विवाह नोंदणीची खोली समजून चुकून आत आलेली नवी जोडपी. शहरातल्या भजनी मंडळांना, नाट्यसंस्थांना, गाण्याच्या वर्गांना, कव्वालीच्या बैठका भरवणाऱ्यांना पालिका दरवर्षी थोडं अनुदान द्यायची. रक्कम बेताचीच असे. तिच्याहून मोलाचं होतं ते वर्षातून एक दिवस विनाभाड्यानं मिळणारं पालिकेचं नाट्यगृह. त्या एका तारखेसाठी माणसं माझ्या टेबलाशी रुसत, भांडत, आणि दिवाळीला चिवड्याची पुडी घेऊन येत. पुडी मी परत करायचे. चिवडा चांगला असला की जरा जड जायचं.

माझं काम पाहणीचं. अर्ज आला की संस्थेच्या पत्त्यावर जाऊन बघायचं, ती खरोखर चालते का. बाहेरच्यांना वाटतं की कला चांगली का वाईट हे आम्ही ठरवायचो. तसं नव्हतं. गाणं बेसूर असलं तरी माझी हरकत नसे, फक्त ते दर आठवड्याला नेमानं बेसूर असलं पाहिजे. मी टिपण लिहायचे, ते समितीपुढे जायचं आणि समिती ठरवायची. समितीत तीन-चार जाणती मंडळी असत. त्यांतल्या एका नाट्यशिक्षकांना सगळं शहर नुसतं 'सर' म्हणायचं. बोलायला करकरीत आणि नियमाला पक्के असे ते होते.

पाहणीला कळवून जायचं नाही, हा माझा शिरस्ता. कळवलं की तयारी होते. गुलमंडीतल्या एका कापडवाल्या शेठजींनी गझलप्रेमींचं मंडळ काढलं होतं. मी अचानक गेले तर त्यांनी मला गादीवर बसवलं, सरबत मागवलं आणि दुकानातल्या चार सेल्समनना ओळीत बसवून त्यांच्यापुढे पेटी ठेवली. त्यातल्या एकाचा चेहरा इतका पडला की मीच म्हटलं, "तुम्ही काय गाता?" तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मॅडम, मी पँटपीस फाडतो. गाणं सांगितलंच नव्हतं ना किसीने." शेठजी नंतर बरेच दिवस आमच्या ऑफिसच्या रस्त्यानं फिरकले नाहीत.

खरी संस्था ओळखायची माझी खूण साधी होती. खऱ्या तालमीत पाहुण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तुम्ही जाऊन उभे राहता, कुणीतरी हातानंच बसायची खूण करतं आणि काम चालू राहतं. जिथं मी आत शिरल्या शिरल्या सगळे उठून उभे राहिले, तिथं मला संशय यायचा.

सगळंच काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तबले आणि ढोलक्या दुरुस्त करणारे एक चाचा दर वर्षी यायचे. शहरातली निम्मी भजनं आणि सगळ्या कव्वाल्या त्यांच्या हातानं मढवलेल्या कातड्यावर वाजत होत्या, पण आमच्या नियमात त्यांच्यासाठी जागा नव्हती. ते कलावंत नव्हते आणि संस्थाही नव्हते. अनुदान संस्थेला मिळतं, एकट्या माणसाला नाही. मी हे त्यांना दर वर्षी समजावून सांगायचे आणि ते दर वर्षी "हौ बेटा, कायदा है तो है" म्हणून सलाम करून जायचे. पुढे त्यांनी दुकान बंद केलं. आता आमच्या भजनी मंडळांचे तबले परगावी पाठवावे लागतात आणि ते आठवलं की मला वाईट वाटतं.

पण आज मला सांगायचं आहे ते पडेगावच्या मंडळाविषयी. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मंडळी हयात आहेत आणि त्यांना नाव छापून आलेलं आवडेल की नाही, मी विचारलेलं नाही.

वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. गावागावांतली शेतकऱ्यांची पोरं कंपनीत लागत होती आणि जुन्या शहरातल्या कारागिरांचीही. त्यातल्या काही जणांनी पडेगावात नाटकाचं मंडळ काढलं. रऊफ नावाचे वेल्डर होते. उंच, दाढीवाले, आवाजाला भारदस्त. त्यांचे वडील हिमरूच्या शाली विणायचे. वडील गेल्यावर हातमाग घरामागच्या शेडमध्ये पडून होता. त्या मागावरच रऊफभाईंनी नाटक लिहिलं होतं. गोष्ट साधी. म्हाताऱ्या विणकराचा मुलगा कारखान्यात लागतो, घरात पैसा येतो, आणि शेवटी माग विकायची वेळ येते. विणकर आणि त्याची बायको, या दोघांवरच सगळं नाटक उभं होतं.

पहिल्यांदा मी संध्याकाळी गेले. तालीम चालू होती. कुणी उठलं नाही, तेव्हाच मनात म्हटलं, हे खरं दिसतंय. विणकर रऊफभाई होते आणि बायकोचं काम शकुंतलाबाई करत होत्या. त्या पडेगावातच राहायच्या आणि घरी ब्लाउज शिवायच्या. ठेंगणा बांधा, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली, आणि आवाज असा की शेवटच्या सतरंजीवर स्पष्ट ऐकू यावा. मी खूश होऊन परत आले. टिपणात लिहिलं, विणकर: रऊफ.

नंतर एकदा दौलताबादच्या बाजूनं येताना सकाळच्या वेळी सहज डोकावले. पुन्हा तीच तालीम, तीच शकुंतलाबाई, पण विणकर दुसराच. किसन नावाचा बुटका, सफाचट दाढीचा लेथ ऑपरेटर. मी चमकले.

"मागच्या वेळी रऊफभाई होते ना?"

"ते पहिल्या पाळीला हायेत ह्या आठवड्यात," किसनभाऊ म्हणाले. "माझी दुसरी. म्हणून सकाळची तालीम माझी."

"मग विणकर नक्की कोण?"

"तिघं," त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मलाच आपण काही तरी भलतं विचारलं असं वाटलं.

मग सगळा उलगडा झाला. कारखान्याच्या तीन पाळ्या, आणि पाळी दर आठवड्याला बदलते. प्रयोगाच्या दिवशी कोण मोकळा असेल, ते आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्यांनी विणकराची भूमिका तिघांना दिली होती. रऊफभाई, किसनभाऊ आणि वाल्मीक नावाचा तिसरा एक. ज्याची त्या आठवड्यात पहिली पाळी, तो दुपारी सुटतो, म्हणून संध्याकाळचा प्रयोग त्याचा. दुसऱ्या पाळीवाल्याची तालीम सकाळी, रात्रपाळीवाल्याची दुपारी, झोप झाल्यावर. बाकीच्या भूमिका लहान, त्या कुणीही उचलायचं. हे सगळं त्यांनी कंपनीतल्या पाळ्यांवरूनच जुळवलं होतं.

"आणि बायको?" मी विचारलं.

"मी हाय की," शकुंतलाबाई म्हणाल्या. "सकाळी एक नवरा, दुपारी एक, संध्याकाळी एक. घरचा येगळाच." सगळे हसले, त्या सगळ्यात मोठ्यानं.

त्यांना मंडळात कुणी बोलावून आणलं नव्हतं. पहिल्यांदा बायकोचं काम वाल्मीकच साडी नेसून करायचा. त्याच्या मापाचा ब्लाउज शिवायला शकुंतलाबाई शेडमध्ये गेल्या आणि त्याचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "आवो, बाई आसं नाय बोलत." मग कशी बोलते ते दाखवा, म्हणाले, आणि त्यांनी दाखवलं. तेव्हापासून तो ब्लाउज त्याच घालत होत्या.

तिघा नवऱ्यांचं वागणं त्यांना पाठ होतं. मला म्हणाल्या, "रऊफभाई बोलता बोलता बसत्यात, त्यान्ला पाणी बसल्यावर द्यायचं. वाल्मीक पाणी घेतच नाय, नुसता तांब्याकडं बघत ऱ्हातो. किसनभौंचं लई अवघड. ते मधीच गप व्हत्यात. किती येळ गप ऱ्हातील, देवाला ठावं. तवा मी आपली पदराशी खेळत बसते."

मी टिपणात तिघांची नावं लिहिली आणि समितीत भांडण पेटलं.

सर म्हणाले, "एका भूमिकेला एकच नाव, हा नियम आहे. ही नाट्यसंस्था नव्हे, हे हजेरीपत्रक आहे. उद्या माणसं फुगवून दाखवायला कुणीही तीन-तीन नावं लावेल." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तसले प्रकार आम्ही पाहिले होते. मी म्हटलं, सर, मी डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, "तुम्ही तालीम बघितलीत. नटानं भूमिका जगायला लागते, वाटून घ्यायला ती भाकरी नाही." शेवटी असं ठरलं की या वर्षापुरती मंडळाला नाट्यगृहाची तारीख द्यायची, प्रयोग सर स्वतः बघतील आणि मग मंडळाला यादीत कायम ठेवायचं की काढून टाकायचं, याचा निर्णय होईल.

पडेगावला हे कळवलं तेव्हा शकुंतलाबाईंनी शिवणयंत्र थांबवलं. तोवर त्यांचे प्रयोग झाले होते ते कंपनीच्या गेटपाशी, नाही तर गणपतीच्या मांडवात, भाड्याच्या लोखंडी खुर्च्यांपुढे, लाऊडस्पीकरच्या खरखरीत. "नाट्यगृहात पडदा आसतो ना, वर जानारा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग यादीतून नाव जाऊ द्यायचं नाय मॅडम. मला दर वर्षी एक दिस तरी त्यो पडदा पायजे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाय चालवायला लागल्या.

तारीख मिळाली गुरुवारची. शनिवार-रविवार मोठ्या मंडळांकडे जायचे. त्या आठवड्यात पहिली पाळी किसनभाऊंची, म्हणजे विणकर ते. रऊफभाई रात्रपाळीला आणि वाल्मीक दुसऱ्या पाळीवर. मी वेळेआधीच पोचले तर रंगपटात सगळ्यांची तोंडं उतरलेली. किसनभाऊंचा पत्ता नव्हता. त्यांच्यानंतर मशीनवर येणारा माणूस, त्याला ते रिलीव्हर म्हणतात, तो आलाच नव्हता. रिलीव्हर आल्याशिवाय चालू मशीन सोडता येत नाही, असा कारखान्याचा कायदा. निरोप एवढाच होता, की सुटलो की येतो.

रऊफभाईंनी धोतर नेसायला घेतलं. त्यांना रात्रपाळीची बस गाठायची होती आणि रजा एकही शिल्लक नव्हती. वेळेवर सुरू झालं असतं तर त्यांचं नाटक पूर्ण झालं असतं. पण आधी पाहुण्यांचा सत्कार होता. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि त्यांना आपलं बालपण आठवलं. मग कॉलेज आठवलं. मी पहिल्या रांगेत सरांच्या शेजारी बसून मनातल्या मनात पाहुण्यांना खाली बसवत होते.

पहिला अंक छान झाला. मध्यंतरात मी आत गेले तर रऊफभाई तोंडावरचा रंग पुसत होते. "मॅडम, बस निकल जाएगी. क्या करूँ?" मागच्या दारातून किसनभाऊ आत येत होते. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हात ऑईलनं काळे, चेहऱ्यावर दमलेपण. रऊफभाईंनी डोक्याचं मुंडासं काढून किसनभाऊंच्या डोक्यावर ठेवलं आणि ते सायकल काढायला पळाले. शकुंतलाबाई तेवढं बघत होत्या. "आता हा नवरा," एवढंच त्या पुटपुटल्या.

दुसरा अंक सुरू झाला. उंच दाढीवाला विणकर मध्यंतराआधी आत गेला होता आणि आता बुटका, बिनदाढीचा बाहेर आला. मागून कुणीतरी हसलं. एक जण मोठ्यानं म्हणाला, "आरं, हा कोन?" सरांनी चष्मा काढून पुसला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

शकुंतलाबाईंचा हात अजून रऊफभाईंच्या चालीत होता. नवरा बसल्यावर पाणी द्यायचं, तसा त्यांनी तांब्या पुढे केला. नाटकात त्या जागी विणकर एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवतो. पण किसनभाऊ दिवसभर मशीनवर उभे राहून तसेच आले होते. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा संपवला. मग रिकामा तांब्या बायकोपुढे धरला. हे नाटकात नव्हतं. शकुंतलाबाईंनी तो हातात घेतला. उठल्या, आत गेल्या, भरून आणलं. दुसरा तांब्याही किसनभाऊंनी तसाच संपवला आणि शकुंतलाबाई पदरानं त्यांचा हात पुसायला लागल्या. ऑईल निघेना. त्या पुसतच राहिल्या. नवरा बदललाय हे लोक विसरले होते आणि माझ्या शेजारी बसलेले सरही.

समितीच्या बैठकीला मंडळाच्या वतीनं शकुंतलाबाई आणि किसनभाऊ आले होते. सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मी माझी हरकत मागे घेतो. दोघांना बघितलं, तिसराही तसाच असणार. नियमात दुरुस्ती करून घ्या, एका भूमिकेला जास्त नावं चालतील." किसनभाऊंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, सुटलो.

"पण बाई," सर शकुंतलाबाईंकडे वळले, "तुमच्या जागी कोण?"

"म्हंजे?"

"तुम्हाला ताप आला, कुणाच्या लग्नाला जावं लागलं. मग बायको कोण करणार?"

शकुंतलाबाई किसनभाऊंकडे बघू लागल्या आणि किसनभाऊ जमिनीकडे. "कुनी नाय," त्या म्हणाल्या.

सर मला म्हणाले, "अनुदान संस्थेला द्यायचं असतं, व्यक्तीला नाही. हे मंडळ एका बाईवर उभं आहे. तिघांच्या नावावर आपण इतकं भांडलो आणि जिथं एकच नाव होतं तिकडं आपलं लक्षच गेलं नाही." ते बरोबर बोलत होते, याचाच मला राग आला. पुढच्या बैठकीपर्यंत बायकोच्या भूमिकेसाठी दुसरं नाव आणा, मंडळ यादीत राहील, असा ठराव झाला.

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर शकुंतलाबाई पेटल्या. "नवरे तिघं, तरी एकालाबी कुनी हालवलं नाय. अन् मला मातर दुसरी आनाया सांगता?"

"तुम्हाला काढायचं नाही हो. जोडीला फक्त," मी म्हटलं.

"सवतीला बी जोडीलाच म्हनत्यात मॅडम," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मी दोनदा पडेगावला जाऊन आले. यंत्र जोरात चालवून त्यांनी मला बोलूच दिलं नाही. दुसऱ्या खेपेला मात्र मध्येच थांबल्या. "दिसभर लोकांच्या मापाचं शिवायचं," त्या म्हणाल्या, "तेवढं एक काम माझ्या मापाचं हाय. ते बी उसवून दुसरीला द्यायचं व्हय?" नियम तोंडपाठ होता, पण तो त्या घरात बोलून दाखवायची मला लाज वाटली.

बैठक जवळ आली तेव्हा रऊफभाई ऑफिसात आले. म्हणाले, "मॅडम, तारीख सोडून देतो आम्ही. यादीतून नाव काढा."

"मी पुन्हा एकदा शकुंतलाबाईंना समजावते."

"नक्को. वहिनी नक्को बोली तो नक्को. पुन्हा गेटवर करू नाटक. आमच्या तिघांपैकी एक नसला तर दुसरा व्हता. तिला कोण व्हतं? दमली तरी सांगितलं नाय कधी. अब उसको कायकू सताना?" अर्ज लिहूनच आणला होता. मी तो घेतला, पण आवक क्रमांक घातला नाही. टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला.

बैठकीच्या दिवशी शकुंतलाबाई आल्या. बरोबर रऊफभाईंची धाकटी बहीण नसीम, बालवाडीत शिकवणारी. दोघी माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. शकुंतलाबाईंनी तिला पुढे ढकललं. "ही दुसरी. लिवा नाव."

"तुम्ही तयार झालात?"

"तयार कशाची? राग हायेच. पर तिघं बाप्ये माझ्यापायी नाट्यगृह सोडाया निघाले, मला न सांगता. हिनं सांगितलं म्हनून कळलं. मला ते आवडलं नाय. माझ्यासाठी कुनी काही सोडायचं नाय." मग नसीमकडे बघून म्हणाल्या, "अन् हिला सांगितलंय, शिकवीन, पर माझ्यासारखं करशील तर मार खाशील. तुझं तू कर." नसीम हसली नाही. ती हे कुठल्याही कारणानं रद्द होईल, या भीतीनं उभी होती. मी काचेखालचा अर्ज काढून फाडून टाकला आणि नाव लिहून घेतलं.

मंडळ यादीत राहिलं आणि पुढची काही वर्षं दर वर्षी त्यांना तो पडदा मिळाला. पुढे कंपन्यांत माणसं कमी झाली, कुणी पुण्याला गेलं, कुणी गावी, आणि मंडळ आपोआप थांबलं. त्याचं दुःख आहे, पण संस्था अशाच थांबतात. मला अजून आठवतो तो त्यांच्या दुसऱ्या वर्षीचा प्रयोग.

त्या दिवशी बायको नसीम होती. विणकर वाल्मीक. मी नेहमीप्रमाणे बाजूच्या खुर्चीवर बसले होते आणि घंटा व्हायच्या आधी शकुंतलाबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या. नवी साडी, केसांत गजरा. बसल्या खऱ्या, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. पहिला अंक संपेपर्यंत त्या ओठांतल्या ओठांत सगळी वाक्यं म्हणत होत्या. नसीमनं एक वाक्य वेगळंच म्हटलं, तर माझ्या दंडाला चिमटा काढला. हळूहळू त्यांचे ओठ थांबले.

नाटकाचा शेवट असा आहे. माग विकला जातो, माणसं तो उचलून नेतात, नवरा त्यांच्यामागं जातो. बायको एकटी उरते. मागाच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून ती बसते. म्हणजे प्रेक्षकांकडे तिची पाठ असते. एकही वाक्य नाही. बराच वेळ ती तशीच बसून राहते आणि मग पडदा पडतो.

नसीम पाठ करून बसली. लोक बघायला पुढे सरकले, तशा खुर्च्या करकरल्या. शकुंतलाबाई दचकून मागं वळल्या आणि अंधारात रांगांमागून रांगा बघत राहिल्या. सगळी माणसं जागच्या जागी होती. एक म्हातारे गृहस्थ टोपीनं डोळे पुसत होते. पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या, तरी त्या मागंच बघत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "ह्या जागी माझ्या पाठीमागं खुर्च्या वाजायच्या मॅडम. दर खेपंला. मला वाटायचं, माझी नुसती पाठ बघून लोक उठून चालले." त्यांनी पुन्हा एकदा मागं बघितलं. "कुनीच उठत नाय की वो."